बॉनची शाखा

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे, ते विचारू नका – मलाच ठाऊक नाही.

कोलोनला शिकत असताना आम्हा मराठी मुलींचं एक छोटंसं मंडळ होतं. नव्या मुलीला स्टेशनवरून आणायचं, आनमेल्डुंगला, म्हणजे सरकारी कचेरीत पत्ता नोंदवायला, तिच्यासोबत जायचं, आजारी पडली तर खिचडी पोहोचवायची. मोठ्या मंडळांकडे ढोल-ताशे, आमच्याकडे खिचडी, कोण येणार? तरी मला बॉनला शाखा काढायची हौस. ना शेंडा ना बुडखा, आणि म्हणे शाखा!

ती उभी केली प्रज्ञानं. ती तिथे पीएचडी करत होती. विद्यापीठाची खोली मिळवायला तिनं चकरा मारल्या, घर न मिळालेल्या मुलींना स्वतःच्या खोलीत गाद्या घालून दिल्या. अध्यक्ष तूच, असं मी तिला सांगूनही टाकलं होतं. इतकी खूश झाली – लपवतासुद्धा आलं नाही तिला.

मग मुग्धाचा फोन आला. मुग्धा आणि तिच्यासोबत राहणाऱ्या मुली, म्हणजे जवळजवळ सगळी शाखाच.

"आल्झो... म्हणजे, ताई, प्रज्ञा छान आहे गं. पण तिच्या खोलीत बघितलंस ना? बुद्धाची मूर्ती, वंदना... ते लोक वेगळे असतात. घरी काय सांगू? ती अध्यक्ष असेल तर आम्ही नाही येणार."

याच मुली तिच्या गाद्यांवर झोपल्या होत्या, तिच्या हातचं जेवल्या होत्या. मी काय म्हणायला हवं होतं? तुम्हाला कळतंय. मलाही कळत होतं. मी म्हटलं, "बघते." त्या मुली गेल्या असत्या तर शाखा राहिली नसती, आणि शाखा माझी होती ना!

प्रज्ञाला ऱ्हाइनकाठी भेटले. म्हटलं, तुझ्यावर प्रबंधाचा ताण आहे, शिवाय चांगलं जर्मन बोलणारी कोणी पुढे हवी. धडधडीत खोटं – तिचं जर्मन माझ्याहून कितीतरी चांगलं. तिनं विद्यापीठाच्या खोलीची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

"मी बुद्धिस्ट आहे म्हणून ना, ताई?"

"छे गं! काहीतरीच काय? जर्मनीत आहोत आपण."

"जाऊ दे. तुला नाही कळायचं ते."

आणि मी – मी मान हलवली. नाही कळत, अशी.

नुसता भित्रेपणा असता तर हे केव्हाच कोणाला तरी सांगून मोकळी झाले असते. पण...

माझं आडनाव कोणाचंही असू शकतं. त्यावरून काही ओळखू येत नाही. कोणी विचारलंच तर विषय बदलायला मी शाळेतच शिकले. नागपूरला माझी आई अजून रोज संध्याकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावते, तीच वंदना म्हणते. मलाही तोंडपाठ आहे. प्रज्ञाच्या खोलीत पहिल्यांदा गेले तेव्हा ती माझ्या ओठांवर आली होती. मी गिळली.

प्रज्ञा पुन्हा मंडळात आली नाही. माझ्याशीही बोलली नाही. शाखा छान चालली आहे. मुग्धा लग्न होऊन बॉनलाच राहिली. संक्रांतीला मला आग्रहानं बोलावते आणि सगळ्यांत आधी मला हळदीकुंकू लावते. "ताई आपल्यातलीच," असं नव्या मुलींना सांगते.

मी कपाळ पुढे करते.