बदली पाहुणा

आमच्या शाळेच्या मागच्या गल्लीत एक लाँड्री आहे. तिचा मालक आजवर दोनदा डॉक्टर, एकदा वकील आणि एकदा वैमानिक झालेला आहे. शिक्षणाचं म्हणाल तर आठवीत गणिताने त्याला दगा दिला.

त्याचं असं झालं. 'मोठेपणी कोण होणार' नावाचा कार्यक्रम आम्ही दरवर्षी प्राथमिकच्या मुलांसाठी करतो. हुद्देदार माणसांनी येऊन मुलांना आपल्या कामाची ओळख करून द्यायची, ही कल्पना मोठ्या बाईंची, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांची. कल्पना झकास आहे, फक्त हुद्देदार माणसं येत नाहीत. पहिल्याच वर्षी डॉक्टरांनी ऐन वेळी टांग मारली. मुलं सतरंजीवर बसून चुळबुळ करत होती. बाई हताश होऊन खिडकीपाशी गेल्या, तर समोर लाँड्रीत एक पांढराशुभ्र कोट हँगरला लटकलेला दिसला. कोट मागवला. तो घालायला माणूसही तिथूनच आला.

माणूस हौशी. हात धुवा, दात घासा, सुई अजिबात दुखत नाही, असं ठासून सांगून त्याने टाळ्या घेतल्या. खऱ्या डॉक्टरने याहून वेगळं काय सांगितलं असतं, असं बाई म्हणाल्या आणि मला ते खोडता येईना. पुढे तर पाहुणे ठरवायच्या आधीच बाई लाँड्रीत डोकावून सध्या कुणाकुणाचे कपडे आलेत, याची चौकशी करू लागल्या. आमच्या मुलांची भविष्यं अशी गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर बेतली जाऊ लागली. त्याची अट एकच, खुर्चीवर बसायला सांगू नका, कडक इस्त्री मोडते. वरच्या वर्गातली मुलं त्याला फार शिकलेला माणूस समजत. मुलं पुढच्या फाटकाने ये-जा करत, त्यामुळे लाँड्री त्यांच्या नजरेला कधी पडली नाही.

मग त्याची मुलगी पहिलीत आली, माझ्याच वर्गात. त्या वर्षी वैमानिकाने पाठ फिरवली होती आणि खांद्यावर सोनेरी पट्ट्या असलेला शर्ट लाँड्रीत तयार होता. शाळेत मी तुझा कुणी नाही, असं बापाने लेकीला घरून बजावून पाठवलं. पोर शहाणी, तिने अवाक्षर काढलं नाही. उलट हात वर करून विचारलं, "सर, ढगात खड्डे असतात का?" असतात, म्हणाला. संध्याकाळी मी साड्या न्यायला गेले, तेव्हा तो उगाचच टेबल पुसत होता. "सर म्हणाली मला," एवढंच तो बोलला. त्याला फार लागलं होतं ते.

पुढच्या वर्षी मी त्याच मुलांबरोबर दुसरीच्या वर्गावर गेले आणि वरून आदेश आला, की हाताने काम करणाऱ्यांचीही मुलांना ओळख करून द्या. बाईंना हायसं वाटलं आणि आमच्या लाँड्रीवाल्याला पहिल्यांदाच लाँड्रीवाला म्हणून बोलावणं गेलं. लेकीचे पाय जमिनीवर ठरेनात. आज माझे बाबा येणार, हे तिने सकाळपासून प्रत्येकाला दोन दोन वेळा सांगितलं.

तो स्वतःचा शर्ट घालून, इस्त्री घेऊन आला आणि मुलांनी एकच गलका केला, की पायलट काका आले. त्याने चुरगळलेला फ्रॉक टेबलावर पसरला आणि झरझर इस्त्री फिरवली, तशी सगळ्यांनी त्याच्या अभिनयाला दाद दिली. मी इस्त्रीवाला आहे, असं त्याने सांगितल्यावर तर हसून हसून मुलांची पुरेवाट झाली.

तेवढ्यात त्याची मुलगी उठून उभी राहिली. "ते माझे बाबा आहेत. मागे त्यांची लाँड्री आहे."

पायलट तुझे बाबा असते तर मागच्या वर्षी सर का म्हणालीस, असं शेजारच्या मुलीने विचारलं.  मागून एक मुलगा तिला खोटारडी म्हणाला आणि तिचे डोळे भरून आले.

लाँड्रीवाल्याने बाईंकडे पाहिलं. बाईंच्या शेजारी वरून आलेले साहेब बसले होते. बाईंनी बसल्या जागेवरून मान हलवून नको म्हटलं आणि पुढच्या पाहुण्यांना, म्हणजे सुतारांना, पुढे यायची खूण केली. सुतार उठलेसुद्धा. लाँड्रीवाल्याने इस्त्री बंद केली.

"ती खरं सांगतेय. मी तिचा बाबा. डॉक्टर, वकील, पायलट मी कधीच नव्हतो. ते कपडे गिऱ्हाइकांचे होते."

 मग पुढच्या रांगेतल्या एका चिमुरडीने विचारलं, "म्हणजे सुई दुखते?"

"दुखते," तो म्हणाला.

साहेबांनी बाईंना बाजूला घेऊन काय ते सुनावलं. गावभर बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. डॉक्टरांनी आणि वकिलांनी कपडे दुसरीकडे टाकायला सुरुवात केली. वैमानिक मात्र सोनेरी पट्ट्यांचा शर्ट घालून स्वतः शाळेत आला. इतकी आमंत्रणं धाडूनही जो फिरकला नव्हता, तो भांडायला वेळात वेळ काढून आला. बाई कसल्या सोडतात. त्याचं भांडण पुरतं ऐकून घेतलं आणि आता आलाच आहात तर, म्हणत त्याला थेट माझ्या वर्गात आणून उभं केलं.

तो विमानाबद्दल बराच वेळ बोलला. एकदा फसल्यामुळे मुलं त्याच्याकडे संशयानेच बघत होती. शेवटी लाँड्रीवाल्याच्या लेकीला खोटारडी म्हणणारा मुलगाच तिच्याकडे वळला आणि हा शर्ट तुझ्या बाबांकडचा आहे का, असं त्याने विचारलं.

ती उभी राहिली. वैमानिकाच्या कॉलरपासून बाहीपर्यंत तिने नीट पाहून घेतलं.

"नाही," ती म्हणाली. "हे खरे असतील. माझे बाबा शर्ट असा चुरगळलेला देत नाहीत."