निर्जळ उपास आणि सकाळची गोळी

हरतालिकेच्या दुपारी बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या एका मराठी घरातली सून पोळ्या करताना झटका येऊन पडली. हात तव्यावर गेला. तिला आमच्या सरकारी रुग्णालयात आणलं. मी तिथे समुपदेशक होते. राज्य नवं, विभाग नवा, आणि मिरगीबद्दल लोकांना माहिती देण्याचं काम माझ्या एकटीकडे.

काही दिवसांपूर्वीच तिच्या मोहल्ल्यात मी बोलून आले होते. जोडा हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, कुशीवर वळवा, गोळी विसरू नका. सासूनं कुशीवर वळवलं होतं. चमचाही घातला होता.

"चमचा काहून घातला, काकू?"

"जीभ चावून राहिली होती न बाई! तुम्ही जोड्याचं जोरात सांगितलं, चमच्याचं हळूच."

डॉक्टरांनी सुनेला विचारलं, "गोळी विसरलीस का?"

"नाही, सर."

त्यांनी केसपेपरवर 'ब्रेकथ्रू' लिहिलं. म्हणजे गोळ्या नियमित चालू असूनही आलेला झटका. अशा वेळी डोस वाढवतात.

नवरा घरात मराठी ऐकायचा, बोलायचा हिंदीत. "मैडम, गोली खाके भी गिर गई. अब बंद. कल बैगा के पास ले जाएँगे, झाड़फूँक कराएँगे."

गोळ्या एकदम बंद केल्या तर झटक्यामागून झटके येतात, जीवही जातो, असं मी सांगितलं.

"वो तो आप सबको बोलती होंगी."

मी पुन्हा सुनेजवळ गेले. "सकाळपासून तोंडात काय गेलं?"

"काहीच नाही. निर्जळ आहे न."

"मग गोळी?"

"पाण्याशिवाय कशी घेऊ?"

"डॉक्टरांना तर विसरले नाही म्हणालीस."

"विसरले नव्हतेच, दीदी. उपास होता."

सासू पुढे सरकली. "वटसावित्रीलेही पडली होती ही! तेव्हाही निर्जळच होती." मग मुलाकडे वळली. "ऐकलं का रे? गोळी पोटात गेलीच नाही, अन् तू बैगा शोधून राहिला."

मी जाऊन डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी 'ब्रेकथ्रू' खोडलं, डोस तोच ठेवला.

आमच्या पत्रकात 'उपासातही गोळी घ्या' ही ओळ घालायची मी परवानगी मागितली. वरच्या ऑफिसातून उत्तर आलं, "धरम का मामला है, मैडम. रहने दीजिए." तेव्हापासून ते मी तोंडीच सांगत आले. जिथे बोलावतील तिथे.

पुढच्या हरतालिकेला सासूनं सुनेला घोटभर पाण्याबरोबर गोळी दिली. तिला झटका आला नाही. त्याच दिवशी भनपुरीहून तीजा, म्हणजे इकडचा हरतालिकेचा उपास, धरलेली एक बाई झटका येऊन वॉर्डात आली. तिनं सकाळची गोळी घेतली नव्हती.