कुसुमा आणि ती न उघडलेली पेटी

मी कुसुमाचा पासपोर्ट दोन दिवस दाबून ठेवला होता.

आज हे लिहायलाच हवं. गेल्या आठवड्यात कुसुमा वारली. श्रीलंकेत, तिच्या गावी. तिच्या मुलीचा मेसेज आज आला.

दुबईत, ऊद मेथा भागात माझं पोळी-भाजीचं किचन होतं, तिथे ती सात वर्षं होती. कामवालीचा पासपोर्ट मालकिणीच्या कपाटात, ही तेव्हाची सर्रास पद्धत. मीही तेच करत होते.

अठ्ठ्याण्णव साल. तिच्या देशात यादवी पेटलेली. तिचा एकच मुलगा, तो सैन्यात, वय एकवीस.

एका सकाळी फोन ठेवून ती म्हणाली, “मॅडम, बेटा मर गया. पासपोर्ट दे दो.”

ती रडत नव्हती.

मला संशय यायला तेवढं पुरलं. आधीची बाई “आई गेली” सांगून निघाली आणि शारजात दुसऱ्या घरी कामाला लागली होती.

हे म्हणाले, “अगं, देऊन टाक.”

“अहो, तुम्हाला माणसं कळत नाहीत,” मी म्हटलं. आणि तिला सांगितलं, “परसों देती हूँ, इन्शाल्ला.”

तिसऱ्या दिवशी गावाहून मुलगा गेल्याचा फॅक्स आला. मीच तिला एअरपोर्टवर सोडलं. ती पोचली तेव्हा दफन उरकलं होतं.

महिन्याने परत आली. मी म्हटलं, “तुम्हारा बेटा शहीद है, कुसुमा. देश के लिए बलिदान दिया.” हे मी तिच्यासाठी म्हटलं की स्वतःसाठी, याची मला आजही शंका आहे.

ती पोळी लाटतच राहिली.

“मॅडम, बॉक्स सील था. अफसर बोला, खोलना मना है. सब लोग मान गया.”

मग म्हणाली, “हम उधर होता तो खोलता. अंदर मेरा बेटा था क्या, किसको मालूम?”



लोक म्हणतात, तिलाही पेटी उघडू दिली नसती. असेल. पण तिला भांडता तरी आलं असतं. तो हक्क मी घालवला.

तेव्हापासून कुणी टीव्हीवर बलिदान म्हटलं की मी आधी बोलणाऱ्याकडे बघते. याचा मुलगा कुठे आहे? पेटी कुणी उघडून पाहिली?

मुलीने लिहिलंय, अम्माला त्याच कबरीशेजारी पुरलं. तिचीच इच्छा होती.

ती इच्छा ऐकून मुलीने तिला विचारलं होतं, “पण तिथे पुरलेला तो दादा आहे, असं तू कधी मानलंच नाहीस ना?”

कुसुमा म्हणाली होती, “कुणाचाही असेल. त्याची आई पोचली नाही. मी पोचते.”

कुसुमा, तू मला माफ केलंस असं मी धरून चालणार नाही.

तुला, आणि तुझ्या शेजारच्या त्या मुलाला, मनापासून श्रद्धांजली.