आधी नजर वळते

लोकांचे चेहरे विसरून फक्त त्यांच्या चाली लक्षात ठेवणारा इसम अख्ख्या नांदेडात मी एकच पाहिला, आणि तो आमच्याच माडीवर भाड्यानं राहत होता. मूळचा किनवटकडचा. हैदराबादच्या एका कंपनीसाठी तो घरबसल्या कॉम्प्युटरवर कार्टूनमधली माणसं हलवायचा. समोरच्या किराणावाल्याचं नाव त्याला कधी आठवलं नाही. 'उजवा खांदा पाडून चालतात ते' असं म्हणे. माझा डावा गुडघा कामातून चाललाय हे तर डॉक्टरच्याही आधी त्याला कळलं होतं, जिन्यावरच्या नुसत्या पावलांवरून.

एकदा त्याच्या कार्टूनमधल्या म्हातारीला पाण्याची बादली उचलायची होती. झालं, लागला माझ्या मागं. भरलेली बादली घेऊन मी तीनदा जिना चढले. चौथ्यांदा त्याला दया आली, म्हणून रिकामी दिली आणि भरल्यासारखी उचला म्हणाला. मी तोंड वाकडं करून, कण्हत-कुथत उचलली, तर हा मान हलवतोय.

"मावशी, तोंडानं उचलून राहिल्या तुम्ही. वजन कमरंत दिसलं पाहिजे."

जन्मभर पाणी भरलेल्या बाईला हे ऐकावं लागलं! त्या दिवशी मी त्याला चहा दिला नाही. संध्याकाळी मग दोन कप दिला.

पुढं त्या म्हातारीला हाक ऐकून दारातून मागं वळायचं होतं. पंधरा दिवस ती काही धड वळेना. जात्यासारखी अख्खीच्या अख्खी फिरायची. मी भाजी निवडत बसले की हा मागून अचानक हाक मारायचा आणि मी कशी वळते ते बघायचा. माझी मान आखडली, पण त्याला हवं ते सापडलं. एका दुपारी दोन-दोन पायऱ्या सोडत खाली आला.

"आधी नजर वळती, मावशी. तिच्यामागं मान, मग खांदा, अन् पाय सगळ्यात शेवटी. एकदा नजर वळली की मग माणूस थांबत न्हाई."

म्हातारी झकास वळली. कंपनीला ती इतकी आवडली की त्यांनी त्याला कायमचं हैदराबादलाच बोलावून घेतलं. म्हणजे त्याला घालवायला माझीच मान कारणी लागली, असं मी सगळ्यांना हसत सांगते. हसू काही येत नाही.

बसस्टँडवर मी त्याला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. पाया पडला, "येतो" म्हणाला आणि बसकडे चालू लागला. मी हाक मारली. चांगली मोठ्यानं मारली. आजूबाजूच्या चार अनोळखी माणसांनी वळून पाहिलं. हा वळला नाही. सरळ चढला आणि पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसला.

आठ दिवस मी धुसफुसत होते. एवढं करून खाऊ घातलं, साधं मागं बघायला काय झालं होतं मेल्याला? मग एकदा मेथी निवडता निवडता नजरेबद्दलचं त्याचंच बोलणं आठवलं आणि निवडलेली पानं मी देठांत टाकली. हाक त्यानं ऐकली होती.

आता माडीवर दुसरं बिऱ्हाड आहे. माणसं चांगली आहेत, पण मला त्याची फार आठवण येते. फाटकाची कडी वाजली की अजून माझी नजर जाते, तिच्यामागं मान, मग खांदा. पाय तेवढे मी उंबऱ्याच्या आत धरून ठेवते.