मागच्या ओळीची तार

त्यांना सगळे वायरमनकाका म्हणायचे. मॅनेजरही काकाच म्हणायचा. लागतं काय असं म्हणायला?

गाव सोडून तळ्याकाठी तंबूंची वसाहत आहे. शहरातली माणसं तिथं निसर्गात राहायला येतात आणि आल्याआल्या हीटर लावतात. फाटकाजवळ मोठा ट्रान्सफॉर्मर. त्यातून निघतात वीज आणणाऱ्या तीन फेज आणि ती परत नेणारी एक तार, न्यूट्रल. कुठलीही एक फेज आणि न्यूट्रल घेतलं की घरगुती वीज मिळते. तळ्याकडच्या तंबूंना काकांनी ती तशीच दिली होती, तिन्ही फेजवर भार सारखा वाटून.

मागे नोकरांच्या खोल्यांची ओळ. तिथं मात्र फेजची एकच तार गेली. दुसरी तार म्हणजे खर्च, मालक म्हणाला, जमिनीत सळई ठोका, परतीचं काम माती करेल. हे धोक्याचं आहे, असं काकांनी एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं नाही, आणि सळई ठोकली. त्याच ओळीतली त्यांची खोली नोकरीसोबत मिळालेली होती.

ओल असेतो माती काम करायची. उन्हाळ्यात भेगा पडल्या की मागच्या ओळीत दिवे मिणमिणायचे. म्हणून काका रोज सळईच्या बुडाशी बादलीभर पाणी ओतायचे, तेही आधी वीज बंद करून. स्वयंपाकी हटकून विचारायचा, "काका, कळ्या कधी यायच्या सळईला?" काका म्हणायचे, "तुझ्या भाजीला चव येईल तेव्हा."

हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. काकूंची फुप्फुसं कामातून गेली होती. खाटेशेजारी श्वासाचं मशीन दिवसभर चालू ठेवावं लागायचं. विजेचा दाब उतरला की ते किंचाळायचं आणि बंद पडायचं. मग काकू खाटेची कड धरून बसायच्या आणि काका बादली घेऊन धावायचे.

त्या उन्हाळ्यात टँकर सुरू झाले. मॅनेजरने फर्मान काढलं, पाणी फक्त पाहुण्यांसाठी. काका भांडी विसळलेलं पाणी ओतू लागले. दरवर्षीचं आश्वासन होतंच, तार मंजूर झाली की पहिली तुमची ओळ.

तार आली. चांगल्या चार तारा, न्यूट्रलसकट. टेकडीवर नवे महागडे तंबू होणार होते, त्यांच्यासाठी. खांब काकांनीच उभे केले. लाइन गेली ती बरोबर त्यांच्या छपरावरून.

नोकरांची संघटना मी बांधत होते, म्हणून काकांबरोबर मीही मॅनेजरकडे गेले. काकांनी अजिजीने विचारलं, जाता जाता एक जोड द्यायचा का. मॅनेजर गोड हसला. ती लाइन पाहुण्यांची आहे, तुम्हाला दिली की माळी मागेल, स्वयंपाकी मागेल.

"मागतीलच," मी म्हटलं. "की त्यांनी काजवे पकडून आणायचे?"

त्याने मला फाटक दाखवलं. काका माझ्यामागून बाहेर आले. माझं डोकं फिरलं होतं.

"शिडी तुमची, पक्कड तुमची. चढा आणि जोडा. कोण अडवतंय बघते."

"तुम्ही बघाल हो ताई," काका म्हणाले. "पण मला काढलं तर हिला ठेवू कुठं?"

माझ्याकडे घोषणा होत्या, त्या काय कामाच्या. संघटनेत तेव्हा मोजून मूठभर माणसं, आणि सगळ्यांच्या खोल्या मालकाच्याच.

पुढच्याच आठवड्यात मशीन भरदुपारी बंद पडलं. काका टेकडीवर नव्या तंबूंना दिवे जोडत होते. त्यांना बोलावून आणेपर्यंत काकूंचे ओठ निळे पडले होते. काकूंचा भाऊ गाडी घेऊन आला आणि मशीनसकट बहिणीला आपल्या घरी घेऊन गेला. तिथं वीज नीट आहे.

सुट्टीच्या दिवशी पाहुणे असतात, म्हणून काकांना आठवड्याच्या मध्येच कधीतरी जाता येतं. एकदा मीही गेले सोबत. मशीन एका लयीत घुमत होतं. काकूंच्या चेहऱ्यावर रंग आला होता. काकूंच्या वहिनीने काकांना पाहुण्यासारखं स्टूल दिलं. सुरुवातीला काकू विचारायच्या म्हणे, मला घरी कधी नेताय. त्या दिवशी विचारलं नाही.

"पुढच्या खेपेला माझे कपडे आणा," त्या म्हणाल्या.

"कुठले आणू?"

"सगळेच आणा."

काका बरं म्हणाले.