दुसऱ्या ओळीतला कॅमेरा

अंबडला कोर्टाच्या रस्त्यावर आमचा फोटो स्टुडिओ आहे. आमचा म्हणजे माझा आणि माझ्या मिस्टरांचा. एरवी कोर्टाच्या कामाला आलेली माणसं पासपोर्ट फोटोसाठी आमच्याकडे यायची, आणि लग्नसराई लागली की आम्ही दोघं बाहेर. मांडवात पुढे हे असायचे. मी बायकांच्या खोलीत, हळदीला, मेंदीला. दोघांकडे एकाच मॉडेलचा कॅमेरा होता, आरशाचा, बटण दाबलं की आतला आरसा उचलून खटकन वाजणारा.

कॅमेरा कंपन्यांचं सगळं धोरण ह्यांना पाठ होतं. जेवताना तोच विषय.

"कंपनीच्या प्रोफेशनल कॅमेऱ्यांच्या ओळी असतात," हे म्हणायचे. "वरची ओळ स्टेडियमवाल्यांची. धडाधड फोटो निघतात. तो कॅमेरा ऑलिम्पिकच्या तोंडावर काढतात, म्हणजे सगळ्या जगाला दिसतो. दुसरी ओळ आपली, लग्नवाल्यांची. तिसरी ज्यांना आपल्यासारखं व्हायचंय त्यांची."

"मंग वरच्यात जे असतं ते आपल्याला का देत न्हाईत?"

"दिलं तर वरचा कोण घेईल? थोडं राखून ठेवतात. काही वर्षांनी तेच आपल्या नव्या मॉडेलात घालतात, आपण खुश."

हे सांगताना ह्यांच्या आवाजात राग नसायचा. आपल्या ओळीतलं पुढचं मॉडेल कधी येणार, त्यात काय असेल, काय नसेल, हे ते मोबाइलवर रोज वाचायचे.

एकदा कंपनीने जालन्यात एमआयडीसीच्या बाजूला एका हॉटेलात कार्यक्रम ठेवला. जिल्ह्यातले फोटोग्राफर बोलावले होते, आम्ही दोघंही गेलो. कंपनीच्या माणसाने बिनआरशाचे नवे कॅमेरे दाखवले. त्यांची लेन्ससुद्धा वेगळी. जुनी लावायची तर मध्ये एक कडं घालावं लागतं. ह्यांनी उभं राहून विचारलं, "आमच्या आरशाच्या मॉडेलचं पुढचं कधी येतंय?"

तो हसून म्हणाला, "सर, ती लाइन चालू आहे. सर्व्हिस मिळेल, पार्ट मिळतील."

मोटरसायकलवरून परतताना हे मागे वळून म्हणाले, "चालू आहे म्हणजे बंद झाली, समजलं का? आता आपल्यालाबी बदलावं लागतंय." येताना दुकानदाराकडे त्यांनी नाव लावून ठेवलं होतं. जालन्याचे मारवाडी शेठ, त्यांच्याकडूनच आमची सगळी खरेदी. दुसऱ्या ओळीतलं नवं बिनआरशाचं मॉडेल आलं की पहिला नग आम्हाला, असं ठरलं.

त्या हिवाळ्यात हे गेले. सकाळी आंघोळीचं पाणी काढून ठेवलं होतं, ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं. घरात बायका जमल्या. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, मी रडायची वाट बघत होत्या. मला रडू आलं नाही. आत काही हललंच नाही. थोरली जाऊ म्हणाली, "आतल्या आत ठिवू नको, बाई." आत काही ठेवलंय असं मला वाटत नव्हतं.

तेरावा झाल्यावर मी स्टुडिओ उघडला. पासपोर्ट फोटो काढले. माणसं बसायची, मी म्हणायची मान सरळ, ती मान सरळ करायची. जेवण पुढे आलं की जेवायचं, नाही आलं तर लक्षातही यायचं नाही. लग्नाची कामं मी घेतली नाहीत.

उन्हाळ्यात शेठचा फोन आला. "भाभी, ते मॉडेल आलंय. भाऊंनी नाव लावून ठेवल्तं. काढून टाकू का?"

"नका काढू. येते मी."

मी असं का म्हणाले, माहीत नाही. एसटीने जालन्याला गेले. शेठने माझ्यासमोर डबा उघडला आणि एकेक गोष्ट सांगायला लागले. समोरच्या माणसाचा डोळा आपोआप फोकसमध्ये धरतो, अंधारात चालतो, आवाज बिलकुल करत नाही. त्यांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत पुढचं मला येत होतं, कारण ते सगळं मी ताटावर बसून ऐकलेलं होतं.

मी विचारलं, "ह्यात राखून काय ठेवलंय?"

शेठ म्हणाले, "नाचात, वरातीत जोरात हलणारा माणूस वरचा कॅमेरा बराबर पकडतो. हा कधी कधी सोडतो. पुढं अपडेट देतील म्हणतात." मग डबा बंद करत म्हणाले, "भाऊ असते तर त्यांनीबी हेच विचारलं असतं."

मी पैसे दिले. कॅमेऱ्याची पिशवी मांडीवर घेऊन परत आले.

नव्या कॅमेऱ्यावर लग्नाचं पहिलं काम मंठ्याला केलं. नवरीच्या आईनेच फोन केला होता, तुम्हीच या म्हणून. मांडवात पुढे मी पहिल्यांदाच उभी राहिले. भटजींच्या शेजारी बाई कॅमेरा घेऊन उभी, म्हणून लोक थोडे बघत होते. कॅमेऱ्याचा आवाज येत नव्हता. एक म्हातारे पाहुणे कितीतरी वेळ फोटोसाठी ताठ बसून होते. शेवटी म्हणाले, "बाई, निघून राह्यला का न्हाई फोटो?"

"निघाला, काका. कधीच निघाला."

"मंग वाजना कसा?"

मी मेनूत जाऊन आवाज चालू केला. तो खोटाच असतो, यंत्रातून येणारा. पण काकांचं समाधान झालं, आणि पुढची माणसंही आवाज आला की सैल व्हायला लागली.

पाठवणीला नवरीचे वडील खांबाला धरून रडत होते. कॅमेऱ्याने त्यांचा डोळा लगेच धरला. स्क्रीनवर डोळ्याभोवती छोटा चौकोन बसला आणि ते मान फिरवतील तसा सोबत फिरत राहिला. मी फोटो काढत राहिले. मला काही वाटलं नाही. फोटो चांगले आलेत, एवढं कळत होतं. ह्यांनी ते मोठे करून भिंतीला लावले असते, असंही मनात आलं, आणि त्यानेही काही झालं नाही.

फोटोवाल्यांची पंगत नेहमी शेवटी. आचाऱ्याच्या बायकोने मला ताट वाढलं आणि समोर बसली. म्हणाली, "तुमचे मालक न्हाई आले?"

"ते वारले. हिवाळ्यात."

"अगं बाई," ती म्हणाली. मग तिने माझ्या भातावर आणखी वरण घातलं. गरम होतं, हिंगाचा वास येत होता. मला भूक लागली होती. ते संपल्यावर मी पुन्हा मागून घेतलं.