शीळफाट्याच्या अलीकडचं पंक्चर

स्वातंत्र्य मिळालं त्यानंतर सात वर्षं मी ठाण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंची मोटार चालवली. बाई डॉक्टर तेव्हा विरळाच. त्यामुळे बाळंतीण अडली की लांबलांबच्या गावांतून आमच्याकडे निरोप यायचे.

त्या दिवशी दुपारी मिठाच्या लॉरीतून एक माणूस आला. शीळफाट्याच्या आतल्या गावात एक बाई आदल्या रात्रीपासून अडली होती. "तिचा नवरा फाट्यावर उभा राहील, आतली वाट तो दाखवील," एवढं सांगून तो लॉरीबरोबर पुढे गेला. आम्ही लगेच निघालो.

मुंब्रा मागे पडलं आणि गाडी एका अंगाला ओढायला लागली. उतरून बघितलं तर मागच्या चाकात बैलाच्या नालेचा खिळा घुसलेला. भातकापणी झालेली, दोन्हीकडे मोकळी शेतं, रस्ता सरळ. फाटा जेमतेम पाऊण मैलावर होता.

"किती वेळ लागेल?" बाईंनी विचारलं.

"दहा मिनिटं, बाई."

"नक्की? नाहीतर मी चालत निघते."

"उन्हात कशाला चालता? बसा तुम्ही. स्टेपनी लावतो की झालं."

स्टेपनी आधीच्या आठवड्यापासून पंक्चर होऊन बसलेली होती. ती दुरुस्त करायला बाईंनी मला पाठवलं होतं, आणि मी हुतूतूचे सामने बघत बसलो होतो. घरी येऊन मात्र काम झालं म्हणून सांगितलं. आता खरं बोललो तर ते उघडं पडलं असतं. मला वाटलं, पंक्चर झटपट काढू, त्यांना कळणारसुद्धा नाही.

बाईंना दाखवायला स्टेपनी खाली काढून ठेवली. जॅक लावला, चाक काढलं, ट्यूब बाहेर ओढली. शेतातल्या खळग्यात थोडं पाणी होतं, त्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधले. ठिगळ लावलं. पंप मारून हवा भरली तर ठिगळच सुटलं. नळीतलं चिकटवायचं सोल्यूशन सुकत आलं होतं. दुसरं ठिगळ लावलं. मी गाडीकडे पाठ करून काम करत होतो. बाईंनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी "झालंच" म्हणालो.

पाऊण तासाने बाई उतरल्या. माझ्या बाजूला पडलेली स्टेपनी त्यांनी पायाने दाबून बघितली. बॅग उचलली आणि चालू लागल्या. मी बॅग घ्यायला धावलो तर म्हणाल्या, "तू चाक बघ."

चाक कसंबसं बसवून मी विचारत विचारत त्या घरापाशी पोचलो तेव्हा गल्लीतूनच रडणं ऐकू आलं. बाई ओट्यावर बसल्या होत्या, हात कोपरापर्यंत ओले. मूल वाचलं होतं, मुलगी होती. आई गेली होती. दारातून मला चादरीबाहेर आलेले तिचे पाय तेवढे दिसले. टाचा भेगाळलेल्या, आणि भेगांत शेतातली माती. दोन दिवसांपूर्वीपर्यंत ती कापणीला जात असणार.

परतताना कळवा आलं. मग मीच विचारलं, "बाई, आपण वेळेवर पोचलो असतो तर?"

"कदाचित वाचली असती. कदाचित नसतीही. ते आता मला कधीच कळणार नाही."

त्यांनी मला कामावरून काढलं नाही. पुन्हा तो विषयही काढला नाही. त्याचाच मला जास्त त्रास झाला. भर बाजारात एखादी बाई पुढून चालली असली तरी माझी नजर तिच्या टाचांवर जायची. पुढच्या वर्षी माझी बायको बाळंत झाली. बाईंनी मला बाळ बघायला आत बोलावलं. पलंगावर चादरीबाहेर तिचे पाय दिसले आणि मी तसाच बाहेर पळालो. बायको जिवंत आहे, हसते आहे, हे बाईंना मला दोनदा सांगावं लागलं.

चार वर्षांनी कल्याणच्या भाजीबाजारात तो नवरा मला दिसला. खांद्यावर मुलगी. त्याने मला ओळखलं, हालहवाल विचारली. मला राहवलं नाही. स्टेपनी, सामने, दहा मिनिटं, सगळं एका दमात सांगून टाकलं आणि तो मारेल म्हणून उभा राहिलो.

त्याने खांद्यावरच्या मुलीचे पाय घट्ट धरले.

"मना दिसत होती तुमची मोटार," तो म्हणाला. "फाट्यावरनं. उन्हात चकाकत होती. मना वाटला, आता येल, मंग येल. मी तुमच्याकडं यावा आणि तुम्ही मना न वळखता पुढं जावा, असा झाला तं? म्हणून उभाच रायलो." मग आवाज उतरवून म्हणाला, "ह्या मी कुणाला बोललो नाय. माझ्या सासूला पण नाय."

मुलीने पेरूच्या पाटीकडे बोट दाखवलं. त्याने तिला एक पेरू घेऊन दिला आणि दोघं गर्दीत गेले. मला हलकं वाटलं नाही. त्या रस्त्यावर आता मला तोही दिसायला लागला, डोळ्यांवर हात धरून आमच्याकडे बघत असलेला.

बाईंना मी हे सांगितलं. त्या हातातलं काम थांबवून ऐकत राहिल्या. "पुन्हा भेटला तर त्याला माझ्याकडे घेऊन ये," म्हणाल्या. "मला त्याच्याशी बोलायचंय. मीही तर पाऊण तास गाडीत बसूनच राहिले होते."

त्यानंतर काही ना काही निमित्त काढून मी त्या बाजारात जात राहिलो. तो पुन्हा दिसला नाही.